जुन्या मुंबईतल्या घाणीला जबाबदार कोण, हे कागदांत कसं शोधायचं

आपल्या चाळीचा, गल्लीचा इतिहास लिहायला बसलेली मंडळी प्लेगचं प्रकरण आलं की एकतर "इंग्रजांनी काही केलं नाही" म्हणतात नाहीतर "तेव्हा शिस्त होती हो" म्हणून मोकळी होतात. दोन्ही आळशीपणा. नक्की कोणाचं काम होतं ते कागदावर सापडतं, फक्त शोधायची पद्धत पाहिजे.

आधी साल पक्कं करा, कारण खुर्चीतला माणूस बदलत राहतो. 1865 पासून कारभार म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डच्या हातात, त्याला जाब विचारणारे जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक, नावापुरतेच. 1871 ला करदाते उधळपट्टीवरून इतके भडकले की क्रॉफर्डला जावं लागलं आणि 1872 च्या कायद्याने निवडून आलेले मेंबर आले, पण मत कर भरणाऱ्याला, चाळीतल्या भाडेकरूला कोण विचारतंय! 1888 च्या कायद्यात 72 मेंबर, त्यातले वॉर्डातून निवडलेले 36. मग मार्च 1897 ला सरकारने प्लेगचं काम म्युनिसिपालिटीकडून काढून जनरल गॅटेकरच्या प्लेग कमिटीकडे दिलं, आणि 1898 ला दाट वस्त्या सुधारण्यासाठी वेगळा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. म्हणजे 1897 च्या उन्हाळ्यातल्या घरझडत्यांचा राग म्युनिसिपालिटीवर काढाल तर पत्ता चुकला.

साल मिळालं की कमिशनरचे वार्षिक रिपोर्ट काढा, काही वर्षांचे स्कॅन नेटवर आहेत. नसतील तर काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहेच. हेल्थ ऑफिसर काय लिहितो आणि इंजिनियर काय लिहितो ते शेजारी ठेवून वाचा. एकाच गल्लीसाठी एकजण "रहिवाशांच्या सवयी" म्हणत असेल आणि दुसरा गटाराला उतार नाही म्हणत असेल, तर तुमचा मुद्दा तिथेच आहे. मोठं उदाहरण विहारचं, तलावाचं पाणी 1860 ला शहरात आलं पण ते बाहेर काढणारी गटारं मागे राहिली, मग जमीन ओलीच राहणार ना, त्यात भाडेकरूची सवय कुठे आली?

आता हाऊस गल्ली बघा, ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. दोन इमारतींच्या पाठीमधली माणूसभर रुंदीची फट, तिथून हलालखोर, म्हणजे मैला उचलणारा सफाई कामगार, आत शिरायचा आणि संडासाखालची टोपली भरून डोक्यावरून न्यायचा, वरून खिडकीतून मोरीचं पाणी पडतंय. या कामासाठी हलालखोर कर वेगळा घेतला जायचा. तेव्हा कागदात तीन गोष्टी शोधा: कर कोणी भरला, काम कोणी केलं, टोपली उचलली नाही तर दंड कोणाला. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि लोक शहर सोडू लागले तेव्हा कमिशनर स्नोला मोठी धास्ती ही की हलालखोर पळाले तर शहरात राहणंच अशक्य होईल. एरवी ज्यांची सावलीही नको, त्यांच्यावर अख्खं बंदर उभं होतं.

मराठी पेपर जरूर बघा, पण सरकारने काढलेल्या इंग्रजी सारांशांवर थांबू नका, शक्य असेल तिथे मूळ अंक वाचा, सारांशात टोमणा बोथट होतो. आणि प्रत्येक नोंदीखाली खातं, साल, व्हॉल्यूम नंबर लगेच लिहून ठेवा, नंतर सापडत नाही.

शेवटी 1888 चा कायदा स्वतः उघडा, मुंबई महापालिका आजही त्याच्यावरच चालते. कलम 61 मध्ये गटारं, सार्वजनिक संडास, मैला आणि कचरा उचलणं ही पालिकेची बंधनकारक कामं आहेत, कलम 63 मधली ऐच्छिक. तुमच्या गल्लीतलं काम कुठल्या यादीत पडतं ते तपासा, आणि 61 मध्ये असेल तर वॉर्ड ऑफिसच्या अर्जात कलमाचा नंबर टाका. उपद्रवाबद्दल रहिवाशाला थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, ते कलम 515.