नवीन टकोमा रोजच्या वापराला घ्यावी का? अमेरिकेतल्या सबर्बमध्ये राहणाऱ्यांनी पिकअप पारखायची कशी

टोयोटाने २०२४ मध्ये टकोमा ही आपली मध्यम आकाराची पिकअप मुळापासून बदलली. चासी (खालचा सांगाडा) नवीन आली. जुन्या ३.५ लिटर व्ही६ इंजिनाच्या जागी २.४ लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आले, हायब्रिडचा पर्याय आला आणि बहुतेक प्रकारांत मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागी कॉइल स्प्रिंग आल्या. तेव्हापासून या गाडीबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. कुणी म्हणते टकोमा आता कारसारखी चालते, कुणी म्हणते टोयोटाने चांगली गाडी बिघडवली. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ते गाडीकडून वेगवेगळी कामे घेतात. तुमचे काम जर मुलांची शाळा, ऑफिस, शनिवारी होम डेपो आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रेलर एवढेच असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत. हीच पद्धत शेवरोले कोलोरॅडो, फोर्ड रेंजर आणि होंडा रिजलाइनलाही लागू पडते.

१. मत कोणाचे आहे ते आधी बघा

जुनी टकोमा दहा-दहा वर्षे चालवलेली माणसे व्ही६च्या आवाजाला आणि साधेपणाला सरावलेली असतात. चार सिलिंडरचा कोरडा आवाज त्यांना खटकतो आणि टर्बो किती टिकेल याची धास्ती वाटते. ही धास्ती अनाठायी नाही. टर्बोमुळे भाग वाढतात, उष्णता वाढते आणि ऑइल वेळेवर बदलणे जास्त महत्त्वाचे होते. पण "ताकद कमी झाली" असे कुणी म्हणाले तर आकडे बघा. जुन्या व्ही६ची ताकद २७८ हॉर्सपॉवर होती आणि नव्या इंजिनाचीही नेहमीच्या ऑटोमॅटिक प्रकारांत तेवढीच आहे. टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, मात्र २६५ वरून ३१७ पौंड-फूट झाला आहे. शिवाय जुन्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क ४,६०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) मिळायचा, नव्याचा साधारण १,७०० पासूनच मिळतो. सिग्नलवरून निघताना आणि हायवेच्या रॅम्पवर हा फरक पायाला लगेच कळतो. अपवाद सर्वांत स्वस्त एसआर प्रकाराचा. त्यात हेच इंजिन २२८ हॉर्सपॉवरवर आणलेले आहे, हे डीलर आपणहून सांगेलच असे नाही.

डोंगरात, खडकांवर गाडी नेणाऱ्यांचे मत वेगळे काढून ठेवा. लॉकिंग डिफरेन्शियल (दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारी यंत्रणा) आणि उंच सस्पेन्शन यांचा सबर्बमधल्या रस्त्यावर उपयोग जवळजवळ शून्य. त्यांचे पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात.

२. टेप घेऊन गॅरेज मोजा

डबल कॅब (चार दारांची केबिन) आणि ५ फुटी हौदा (मागची सामानाची उघडी जागा) असलेली टकोमा सुमारे २१३ इंच लांब आहे, म्हणजे १७ फूट ९ इंच. गॅरेज आतून २० फूट खोल असेल तर पुढे-मागे मिळून २७ इंच उरतात. समोर वर्कबेंच, वॉटर हीटर किंवा पायरी असेल तर तेही संपतात. जुन्या घरांत गॅरेजची खोली १८-१९ फूटच असते, तिथे दार लागले तरी माणसाला गाडीला वळसा घालता येत नाही. मोजताना भिंतीपासून नाही, भिंतीलगतच्या वस्तूपासून मोजा. रुंदीही दोन्ही आरसे उघडे धरून मोजा. माहितीपत्रकातली रुंदी बहुधा आरसे सोडून असते आणि ८ फुटी एकेरी दारात आरसेच आधी लागतात.

६ फुटी हौदा घेतला तर लांबी सुमारे २२६ इंच होते. दुकानांसमोरच्या पार्किंगची जागा साधारण १८ फूट, म्हणजे २१६ इंच लांब असते. ५ फुटी हौद्याची गाडी त्यात जेमतेम मावते आणि ६ फुटीची शेपटी रोज दहा इंच बाहेर राहते. रोजच्या वापराला ५ फुटीच घ्या. तुमच्या वसाहतीची एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर ड्राइव्हवेमध्ये पिकअप उभी करायला परवानगी आहे का, हेही सही करण्याआधी वाचून घ्या. काही ठिकाणी खरोखरच बंदी असते.

३. दाराच्या चौकटीवरचे स्टिकर वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ड्रायव्हरचे दार उघडले की चौकटीवर पांढरे-पिवळे स्टिकर दिसते. त्यावर माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल याचा आकडा पौंडांत छापलेला असतो. यालाच पेलोड म्हणतात. जाहिरातीतला पेलोड म्हणजे सर्वांत हलक्या प्रकाराचा कमाल आकडा. टकोमात तो १,७०० पौंडांच्या आसपास आहे. तुमच्यासमोर उभ्या असलेल्या गाडीचा आकडा फोर-व्हील ड्राइव्ह, हायब्रिड बॅटरी, सनरूफ यांच्यामुळे कितीतरी कमी असू शकतो. एकाच नावाच्या दोन गाड्यांवरही तो वेगळा असतो.

आता हिशोब मांडा. समजा स्टिकरवर १,१५० पौंड आहेत. नवरा-बायको आणि दोन मुले मिळून ४४५ पौंड झाले, उरले ७०५. मागे ५,००० पौंडांचा ट्रेलर लावला. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर) येतो आणि तो पेलोडमध्येच धरायचा असतो. १२ टक्के धरले तर ६०० पौंड. उरले १०५. त्यात हिचचा बॉल माउंट, कूलर, हौद्यावरचे कव्हर आणि मागच्या सीटखालचे सामान बसवायचे आहे. ट्रेलरची कमाल मर्यादा ६,५०० पौंड सांगितलेली असूनही गाडी त्याआधीच भरते. पिकअप घेणाऱ्यांचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो, कारण टोइंगचा (ट्रेलर ओढण्याचा) आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि स्टिकर दाराआड.

वजन जास्त झाले की मागचा भाग बसतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागते, ब्रेकचे अंतर वाढते आणि मागचे टायर तापतात.

४. तुमचा शनिवारचा माल मोजा

मल्च (झाडांभोवती पसरायचा लाकडाचा चुरा), माती आणि खडी एकाच मापाने मिळतात, पण वजनात जमीन-अस्मानाचा फरक. एक क्युबिक यार्ड म्हणजे २७ घनफूट. कोरडा मल्च यार्डाला ४००-५०० पौंड, पावसात भिजलेला ८०० पर्यंत. बागेची माती सुमारे २,००० आणि खडी २,७०० च्या आसपास. ५ फुटी हौद्यात एक यार्ड मल्च मावतो आणि वजनही पेलते. तेवढीच खडी घातली तर गाडी दुपटीहून जास्त भरते. अर्धा यार्ड खडीसुद्धा बहुतेक मध्यम पिकअपना जास्त होते. नर्सरीत लोडर चालवणारा बादली उचलण्याआधी त्याला स्टिकरचा आकडा सांगा, एकदा ओतलेली खडी परत काढायला कुणी येत नाही. काँक्रीटच्या ८० पौंडी दहा पिशव्या ८०० पौंड होतात. त्या हौद्याच्या पुढच्या भिंतीला, मागच्या ॲक्सलच्या पुढे रचा.

प्लायवूडचा पूर्ण ताव ४८ इंच रुंद आणि ९६ इंच लांब असतो. रिजलाइनमध्ये चाकांच्या उंचवट्यांमधले अंतर ५० इंच आहे, नव्या रेंजरमध्ये सुमारे ४८, म्हणजे ताव सपाट बसतो. टकोमात ते कमी आहे. तिथे हौद्याच्या बाजूच्या खाचांत आडव्या फळ्या टाकून ताव उंचवट्यांच्या वर ठेवायचा. ५ फुटी हौद्यात फाळका उघडा ठेवूनही ताव थोडा बाहेर येतोच, तेव्हा रॅचेटचे दोन पट्टे आणि टोकाला लाल फडके हवे. टकोमाचा हौदा कॉम्पोझिटचा आहे. गंजत नाही ही चांगली बाजू, पण त्यावर सामान घसरते. जाड रबरी मॅट पहिल्याच दिवशी घाला.

५. मागची सीट घरच्यांना घेऊन तपासा

टकोमा डबल कॅबमध्ये मागे पायांना ३३.७ इंच जागा आहे, रिजलाइनमध्ये ३६.७. कागदावर तीन इंच फार वाटत नाहीत, पण मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट लावली की पुढच्या उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. म्हणून आपली स्वतःचीच चाइल्ड सीट शोरूममध्ये न्या आणि बसवून बघा. अनेक पिकअपमध्ये वरच्या टेदरला (चाइल्ड सीट वरून मागे बांधायच्या पट्ट्याला) कारसारखा लोखंडी हूक नसतो. हेडरेस्टच्या मागे पट्ट्याचा फास असतो. टेदर त्यातून ओवून शेजारच्या फासात अडकवायचा. हे मॅन्युअल उघडून शिकून घ्या, कारण नुसत्या पहिल्या फासाला हूक लावून मोकळे होणारे बरेच असतात.

टीआरडी प्रो या महागड्या ऑफ-रोड प्रकाराच्या पुढच्या सीटना स्वतःचे शॉक ॲब्सॉर्बर आहेत. त्यांच्या मागच्या भागामुळे मागे पाय ठेवायची जागा आणखी घटते. मुले असलेल्या घराने हा प्रकार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक्स्ट्राकॅब प्रकारात तर मागे सीटच नाही. हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटखाली असल्याने तिथली सामानाची जागा जाते. भारतातून आई-बाबा राहायला येणार असतील तर त्यांच्या वयाच्या कुणाला तरी चढता-उतरता येते का ते बघा. पायरी आणि आतला धरायचा हँडल दोन्ही लागतील.

६. टेस्ट ड्राइव्ह

डीलरला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. थंड इंजिन सुरू केल्यावर येणारा आवाज तुम्हाला रोज सकाळी ऐकायचा आहे. मग क्रमाने असे करा. शाळेच्या भागात ताशी १५-२५ मैलांवर वेग कमी-जास्त करत आठ गिअरचा गिअरबॉक्स धक्का देतो का पाहा. पुलावरच्या सांध्यांवरून हौदा रिकामा ठेवून जा. पाटे असलेल्या गाडीचा मागचा भाग तिथे उडतो, कॉइल स्प्रिंगची एकदाच हलून शांत होते. कोणत्या प्रकाराला काय आहे याचा भरवसा नसेल तर मागच्या चाकामागे वाकून बघा, पाटे लगेच ओळखू येतात. हायवेवर ७० मैलांवर काचा बंद करून बोलून बघा. ऑल-टेरेन टायर असतील तर गुणगुण ऐकू येईल, आणि तो दोष गाडीचा नसून टायरचा आहे. शेवटी उलट्या दिशेने पार्किंगमध्ये लावा. लांब नाकाची गाडी पुढून आत घालण्यापेक्षा हे सोपे जाते.

७. फोर-व्हील ड्राइव्ह आणि हायब्रिड

बहुतेक मध्यम पिकअपमध्ये पार्ट-टाइम (गरजेपुरती लावायची) फोर-व्हील ड्राइव्ह असते. ती कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायची नाही. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, मध्ये डिफरेन्शियल (वेगातला फरक सामावणारे गिअर) नसल्याने तो फरक कुठेच निघत नाही, गाडी अडखळते आणि भागांवर ताण येतो. थोडा बर्फ, थोडा ओला रस्ता अशा न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या हिवाळ्यात म्हणूनच रिजलाइनची आपोआप चालणारी ऑल-व्हील ड्राइव्ह जास्त सोयीची पडते. टेक्सासमध्ये साधी टू-व्हील ड्राइव्ह पुरते. बर्फाच्या भागात टू-व्हील घेतलीच, तर हिवाळी टायर आणि मागच्या ॲक्सलवर वाळूच्या ६० पौंडी चार पिशव्या, नीट बांधून.

हायब्रिड मायलेजसाठी घेऊ नका. फोर-व्हील टकोमा साधारण २१ मैल प्रति गॅलन देते, हायब्रिड २३. वर्षाला १२,००० मैलांना ५७१ गॅलनऐवजी ५२२ लागतील. वाचले ४९ गॅलन, साडेतीन डॉलर भावाने सुमारे १७० डॉलर. किमतीतला फरक यातून भरून निघायला फार वर्षे जातील. हायब्रिडचा खरा गुण ४६५ पौंड-फूट टॉर्क हा आहे, आणि तो ट्रेलर ओढणाऱ्याला कामाचा.

८. त्याच दिवशी दुसरी गाडीही चालवा

५,००० पौंडांहून जड काही ओढणार नसाल तर रिजलाइन चालवल्याशिवाय टकोमावर सही करू नका. ती वेगळ्या चासीवर बसवलेली नाही, एकसंध बॉडीची आहे. त्यामुळे रस्त्यावर शांत चालते, आणि हौद्याच्या तळाशी कुलूपबंद डिकी आहे. दिसायला ती कमी रांगडी आहे, एवढेच. जड ट्रेलर असेल तर कोलोरॅडो ७,७०० आणि रेंजर ७,५०० पौंडांपर्यंत जातात. टकोमाची जमेची बाजू म्हणजे विकताना मिळणारी किंमत. सबर्बमधल्या बहुतेक घरांना तिचा एसआर५ (एसआरच्या वरचा), डबल कॅब, ५ फुटी हौदा, बिनहायब्रिड हा प्रकार पुरेसा आहे.

९. सही आणि ताबा

काचेवर डीलरने चिकटवलेला दुसरा कागद वाचा. पेंट प्रोटेक्शन, टायरमधला नायट्रोजन, आधीच बसवलेले हौद्याचे कव्हर, सगळे काढून टाकायला सांगता येते. नव्या रचनेच्या पहिल्या वर्षाची गाडी वापरलेली घेत असाल तर १७ अंकी-अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्तीसाठी केलेली बोलावणी) राहिलेला नाही ना ते तपासा. रिकॉलची दुरुस्ती डीलरकडे मोफत होते.

ताबा घेताना टायरमधली हवा मोजा. वाहतुकीसाठी ती जास्त भरलेली असते आणि कधीकधी तशीच राहते. मग गाडी घरी येईपर्यंत आदळते आणि सस्पेन्शनला दोष दिला जातो. दाराच्या स्टिकरवर लिहिलेल्या दाबावर ती आणा, टायर थंड असताना.