गच्चीवरून रात्रीचं पक्षी-स्थलांतर कसं टिपायचं

ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, आणि परतीच्या वाटेवर मार्चपासून मेच्या सुरुवातीपर्यंत, महाराष्ट्रावरून जाणारे बरेच पक्षी रात्रीच उडतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात विमान रोहित पक्ष्यांच्या थव्याला धडकलं, तेही रात्रीच. अंधारात थवा दिसत नाही, पण उडता उडता दिलेली हाक खाली ऐकू येते, आणि तीच आपण रेकॉर्ड करायची. वटवट्यांसारखे बरेच छोटे पक्षी मात्र जवळजवळ मुके जातात. त्यामुळे आपल्या नोंदींत तुतारी, चिखल्या, रातबगळा, बदकं अशा पाणथळीच्या पक्ष्यांचाच भरणा असणार, हे धरूनच कामाला लागा.

साहित्य

ऑडिओमॉथ हा छोटा रेकॉर्डर पुरतो. त्यासोबत तीन एए अल्कलाइन सेल, ३२ जीबीचं क्लास १० मायक्रो-एसडी कार्ड, झिपची पिशवी, १५ लिटरची प्लास्टिकची बादली, गादीवाल्याकडचा दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम, स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म आणि सुतळी घ्या. दुसरा रेकॉर्डर आधीपासून असेल तर त्याला प्रिमो ईएम२७२ कॅप्सूलचा माइक जोडा. त्याची स्वतःची खरखर फार कमी आहे, आणि दूरच्या हाकेसाठी तेच महत्त्वाचं. फोनचं रेकॉर्डिंग ॲप या कामाला नको. बरीच ॲप्स बोलण्याचा आवाज उठून दिसावा म्हणून बाकीचा आवाज दाबून टाकतात, आणि आपली हाक नेमकी त्या बाकीच्यातच असते.

बादलीचं काम आडवा आवाज अडवणं. उडत्या हाका टिपण्यासाठी फुलझाडाच्या कुंडीत माइक बसवण्याची युक्ती अमेरिकेत बिल इव्हान्स यांनी रूढ केली. आपली बादली त्याच तत्त्वावर चालते. आतून तळाला आणि भिंतींना फोम लावा. रेकॉर्डर पिशवीत घालून, माइकचं भोक आकाशाकडे करून तळाशी ठेवा. भोकावर पिशवीचा एकच पदर ताणून बसला पाहिजे. घडी आली की आवाजातली वरची पट्टी मरते. तोंडावर क्लिंग फिल्म ढोलकीच्या पानासारखी ताणून सुतळीने घट्ट बांधा. ती सैल राहिली तर वाऱ्याने फडफडते आणि रात्रभर धपधप ऐकावी लागते. बादली थोडी तिरकी ठेवली की दव फिल्मवर साचत नाही, ओघळून जातं. सकाळी सगळं आत आणा, कारण उन्हात ही बादली भट्टीसारखी तापते.

जागा

ही पायरी घाईत उरकू नका. निकाल इथेच ठरतो. बादलीचं तोंड गच्चीच्या कठड्यापेक्षा खाली राहील असं ठेवा, म्हणजे रस्त्याचा आवाज थेट आत येत नाही. पाण्याची टाकी, पंप, एसीचं बाहेरचं युनिट आणि इन्व्हर्टर यांच्यापासून जमेल तितकं लांब जा. गच्चीवर कुंड्या असतील तर त्यांच्यापासूनही. एका कुंडीत बसलेला एक रातकिडा अख्खी रात्र वाया घालवतो. स्पेक्ट्रोग्रामवर (म्हणजे आवाजाच्या चित्रात: आडवी वेळ, उभी वारंवारता) त्याचा आवाज साधारण ३ ते ८ किलोहर्ट्झमध्ये सलग पट्ट्यासारखा उमटतो, आणि तुताऱ्यांच्या बारीक हाका नेमक्या त्याच पट्ट्याखाली गाडल्या जातात. फिल्टर लावून हे सुटत नाही, कारण किडा काढला की हाकही जाते. म्हणून आधी एका संध्याकाळी आठ वाजता गच्चीच्या तीन-चार कोपऱ्यांत दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करून बघा आणि ज्या कोपऱ्यातला पट्टा सर्वांत फिका, तो निवडा. गणपती-नवरात्रात लाउडस्पीकर बंद झाल्यानंतरचेच तास हाती लागतात, तेवढे धरा.

सेटिंग

सॅम्पल रेट (सेकंदाला किती वेळा आवाज मोजायचा) ४८ किलोहर्ट्झ, गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा) मध्यम, फिल्टर बंद. रेकॉर्डिंग ३५९५ सेकंद आणि विश्रांती ५ सेकंद ठेवली की तासाला एक फाइल मिळते. वेळ संध्याकाळी ७ ते पहाटे ५:३०. एका तासाला सुमारे ३४५ एमबी, म्हणजे रात्रीला साधारण ३.६ जीबी, ३२ जीबीच्या कार्डावर आठ रात्री बसतात. सेल काढले की रेकॉर्डरचं घड्याळ पुसलं जातं, तेव्हा नवे सेल घातल्यावर ते परत कॉम्प्युटरला जोडून वेळ लावा.

सर्वांत जास्त घोळ वेळेचा होतो. फाइलच्या नावात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर आपली वेळ साडेपाच तास पुढे: २०२५१००४_१३३००० ही फाइल ४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ७ ची. या वेळापत्रकात १८३००० ची फाइल बरोबर मध्यरात्री सुरू होते, त्यामुळे तारीख कुठे बदलली ते लगेच कळतं.

शोधायचं कसं

पहिल्या चार-पाच रात्री स्वतः डोळ्यांनी तपासा. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडा, वारंवारता ५०० ते १०,००० हर्ट्झ आणि विंडो साइझ ५१२ ठेवा. पडद्यावर एका वेळी मिनिटभराचा तुकडा दिसू द्या. हाक दिसली की तेवढा भाग निवडून कंट्रोल-बी दाबा आणि नाव लिहा. थेंब फिल्मवर पडला की खालपासून वरपर्यंत उभी रेघ येते. रातबगळ्याचं ‘क्वॉक’ खालच्या भागात, जाड, एकच ठसा. हिरव्या तुतारीचे तीन-चार स्वर वर, बारीक आणि वाकडे.

स्थानिक पक्षी आधी पाठ करा. टिटवी, पिंगळा, करवानक आणि उन्हाळ्यात पावश्या हे रात्रभर एकाच जागेवरून ओरडतात आणि त्यांचा जोर फारसा बदलत नाही. वरून जाणाऱ्याची हाक हळूहळू वाढते आणि विरते. ताशी ४५ किलोमीटरने उडणारा पक्षी सेकंदाला साडेबारा मीटर सरकतो. ऐकू येण्याचा ३०० मीटरचा टप्पा तो २४ सेकंदांत पार करतो. म्हणून अर्ध्या मिनिटातल्या सारख्या हाका एकाच पक्ष्याच्या धरा. तीन मिनिटांनी आलेली हाक बहुधा दुसऱ्याची, पण जवळ तळं असेल तर तोच पक्षी घिरट्या घालत असू शकतो. अशा ठिकाणी कमीत कमी आकडा लिहा.

नंतर बर्डनेट ॲनालायझर हे आवाजावरून पक्षी ओळखणारं सॉफ्टवेअर लावा. ते ३ सेकंदांचे तुकडे तपासतं, ओव्हरलॅप १.५ ठेवला की दोन तुकड्यांच्या सीमेवर कापली गेलेली हाक निसटत नाही. अक्षांश-रेखांश भरा (पुण्यासाठी १८.५२, ७३.८६). आठवडा भरताना जपा: महिन्याला चार असे वर्षाचे ४८ आठवडे धरलेले आहेत, म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा ३७ वा. किमान विश्वासांक (ओळखीची त्याला किती खात्री, ० ते १) ०.१ ते ०.२५ ठेवा. कचरा भरपूर येईल, येऊ द्या. बर्डनेट मुख्यतः दिवसाच्या आवाजांवर शिकलेलं असल्याने रात्रीच्या तुटक हाकेला ते कमी गुण देतं, आणि ०.८ हा आकडा प्रत्येक जातीत सारखा अर्थ सांगत नाही. प्रत्येक जातीचे निदान तीस तुकडे कानाने ऐकून मगच त्या जातीची मर्यादा ठरवा. नाइटहॉक हे खास रात्रीच्या हाकांचं सॉफ्टवेअर आहे, पण अमेरिकेतल्या पक्ष्यांसाठी. इथे त्याने सुचवलेली नावं वापरू नका.

पटलेली हाक मागेपुढे पाच-पाच सेकंद राखून वेव्ह (WAV) फाइलमध्ये कापा. आवाज वाढवायचा तर प्रतीवर, मूळ फाइलला हात नको. शेजाऱ्यांचं बोलणं आलं असेल तर तो भाग कुठेही चढवायचा नाही. ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर रात्रीच्या उडत्या हाकांची वेगळी पद्धत आहे, ती निवडून तासागणिक यादी करा. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर चढवताना हाकेच्या प्रकारात ‘नॉक्टर्नल फ्लाइट कॉल’ लिहा. ओळख पटली नसेल तर ‘अनोळखी’ म्हणूनच चढवा. तिथले लोक ऐकून नाव सुचवतात.