बागायत धरण्याआधी वावरात खड्डा खणून पाहा

आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली, वावरं रिकामी आहेत, नांगरटी उन्हात तापत पडल्या आहेत. विहिरीला पाणी लागलं किंवा तापीवरून पाइपलाइन आली म्हणून यंदा मृगबाग, म्हणजे पावसाच्या तोंडावर लावायची केळी, धरायची, असं बऱ्याच घरांत ठरत असेल. केळीची रोपं सांगण्याआधी आणि ठिबकचे पैसे भरण्याआधी एक दिवस जमिनीसाठी काढा. नुसतं पाणी आल्यानं जमीन बागायती होत नाही. कोरडवाहूत वर्षानुवर्षं कापूस-ज्वारी देणारी काळीभोर जमीन पाण्याखाली आल्यावर काही वर्षांतच खारवट (क्षार साचलेली) किंवा चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली, पाणी न मुरणारी) होऊ शकते. खालच्या थरातले क्षार आधी जागेवर पडून असतात. मोकाट पाण्यानं ते विरघळतात, पाण्याची पातळी वर चढते, उन्हानं पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात.

म्हणून वरची माती पाहून ठरवू नका. वावराच्या उंच भागात एक आणि सखल भागात एक, असे तीन-साडेतीन फूट खोल दोन खड्डे खणा. एक बाजू सरळ उभी तासा आणि वरपासून खालपर्यंत नीट बघा. मुरूम किती खोलीवर लागतो? साक्री, शिंदखेडा, पारोळ्याकडच्या हलक्या जमिनीत तो दीड फुटाच्या आत लागला, तर तिथं केळी लावू नका. ठिबकवर थोडं-थोडं, पण वरचेवर पाणी देऊन कांदा, मिरची घेता येईल. खोल मातीखाली मुरूम असेल तर चांगलंच, कारण जादा पाण्याला वाट मिळते. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरकडे गोटे-वाळू मिसळलेल्या जमिनीत पाणी सहज मुरतं. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत मात्र सावध राहा. खाली निळसर-करडा रंग किंवा गंजासारखे डाग दिसले, तर तिथं पाणी साचून राहतं असं समजा. पांढरे खडे म्हणजे चुनखडी. मागच्या पिकाची मुळं कुठं आडवी वळली आहेत, तेही पाहा. त्याखाली कडक थर असण्याची शक्यता मोठी.

आता निचरा. खड्ड्याच्या तळाशी फूटभर खोल लहान खळगा करून पाणी भरा. पहिलं पाणी झटकन जिरेल, पण त्यावर विश्वास ठेवू नका. मे महिन्यात काळ्या मातीला भेगा असतात आणि पाणी भेगांतून जातं. संध्याकाळी पुन्हा-पुन्हा भरून माती फुगू द्या आणि सकाळी परत भरून मोजा. तासाभरात बोटाच्या पेराएवढंही पाणी उतरलं नाही, तर त्या वावराला मोकाट पाणी चालणार नाही. ठिबक, गादीवाफे आणि शेताबाहेर नेलेला चर, हे तिन्ही लागतील.

चोपणपणाची घरगुती खूण अशी: काचेच्या पेल्यात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या, त्यात वाळलेलं छोटं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दुसऱ्या दिवशीही पाणी दुधाळ गढूळ दिसलं, तर मातीत सोडियम जास्त असल्याचा संशय घ्या. विहिरीचं पाणी खारं असेल तर ते या परीक्षेला वापरू नका, फसवं उत्तर येतं.

खात्री प्रयोगशाळेतच होईल. फळबागेसाठी खड्ड्यातून एकेक फुटाच्या थराचे नमुने वेगळे घ्या. प्रत्येकी अर्धा किलो, सावलीत वाळवून, स्वच्छ कापडी पिशवीत भरा. खताची गोणी वापरू नका. सामू (पीएच) ६.५ ते ७.५ उत्तम, ८.५ च्या वर गेला तर चोपणपणा गृहीत धरून विनिमय सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, तपासून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर असेल, तर जिप्समचं प्रमाण अहवालावरून ठरवा. जिप्सम मातीत मिसळून वर चांगलं पाणी द्यावं लागतं, आणि सुटलेला सोडियम वाहून जायला चर नसेल तर तो खर्च वाया जातो. जमीन नुसती खारवट असेल तर जिप्सम लागत नाही. चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन बाहेर काढावे लागतात.

विहिरीच्या पाण्याचीही तपासणी त्याच फेरीत करा. पंप अर्धा तास चालवून मग एक लिटर भरा. क्षारता २.२५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आली, तर ते पाणी भारी काळ्या जमिनीला देऊ नका. तेच पाणी निचऱ्याच्या हलक्या जमिनीला क्षार सोसणाऱ्या पिकासाठी निभावू शकतं.

पांझराकाठची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटानं आणून गावानं मिळून वाटून घ्यायची जुनी रीत, आठवा. तिथं पाटाइतकीच काळजी जादा पाणी परत नदी-नाल्यात सोडण्याची घेतली जाई. आज पाइप घरोघरी आले आणि चर मात्र बुजले, याचं मला फार वाईट वाटतं. शेजाऱ्याच्या बांधाला लागून चर काढायचा असेल, तर पेरणीच्या घाईआधी आत्ताच त्याच्याशी बोलून घ्या.

सखल भागातला खड्डा लगेच बुजवू नका. गुरं-लेकरं पडू नयेत म्हणून भोवती काटेरी फांद्या रोवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्या दिवशी त्यात किती पाणी उरलं आहे ते बघा. गुडघाभर दिसलं, तर त्या तुकड्यात यंदा केळी लावू नका.