बरबटी, वाल, हरभरे बोअरच्या पाण्यात मऊ कसे शिजवायचे

बरबटी, म्हणजे चवळी, शिजली नाही की जो तो एकच सल्ला देतो: अजून चार शिट्ट्या काढा. गॅस जळतो, सालं सुटून वर तरंगतात आणि आतला दाणा दाताखाली कचकचतोच. वऱ्हाडातल्या अकोट, तेल्हारा, दर्यापूर या पट्ट्यात हे घरोघरी चालतं आणि बोल मात्र कुकरला लागतो, नाहीतर सुनेला. खरा दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो, म्हणून इथे पाण्यावरच जास्त लिहिते आहे.

निवडून, पाखडून, धुऊन घ्या. गोल भोक पडलेले दाणे काढून टाका.

कडधान्य घेताना यंदाचं आहे की जुनं, एवढं मात्र नक्की विचारा. आपल्याकडे ४५ अंशांचा उन्हाळा आणि त्याला लागूनच दमट पावसाळा. कोठीत असे दोन उन्हाळे काढलेला दाणा पाणी पितो, फुगतोही, पण शिजताना मऊ पडत नाही. गणंग वेगळे, ते पाणीच पीत नाहीत. रात्रभर भिजवूनही बारीक आणि चकचकीत राहिलेले दाणे सकाळी वेचून काढले की झालं.

भिजवणं

पाव किलोला एक लिटर पाणी आणि त्यात पोह्याचा एक सपाट चमचा मीठ. हो, मीठ भिजवतानाच. मिठाने दाणा कडक होतो हे सगळीकडे ऐकायला मिळतं, पण ते चूक आहे. दाण्याच्या सालीला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांच्यातल्या काहींची जागा घेतं आणि साल नरम पडते.

बरबटीला पाच-सहा तास पुरतात. हरभरे, वाल, वाटाणे आठ ते दहा तास ठेवा. उन्हाळ्यात तेवढ्या वेळात पाण्याला फेस येऊन आंबूस वास सुटतो, म्हणून मध्ये एकदा पाणी बदला आणि भांडं माठाजवळ गारव्याला ठेवा.

घड्याळापेक्षा दाणा बघा. आधी साल पाणी पिते आणि सुरकुतते. मग आतला भाग फुगून ती साल परत ताणून धरतो. सुरकुत्या दिसतात तोवर दाणा भिजलेला नाही. एक दाणा नखाने उकलून दोन डाळी वेगळ्या करा: आतली बाजू मधोमध खोलगट असेल तर अजून वेळ द्या, सपाट झाली असेल तर पुरे.

पाणी

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. तिथे तळ्याकाठच्या विहिरीच्या पाण्यात वाल चुलीवर सहज लोण्यासारखे व्हायचे. सासरी बोअरचं पाणी. माहेरून आणलेले तेच वाल, तोच गंज (पातेलं), तीच चूल, आणि दुपार झाली तरी दाणा चेपेना. या पाण्याने मला खूप रडवलं. पण दाणा तोच आणि पाणी तेवढं वेगळं असल्यामुळे दुखणं कुठे आहे हेही त्यानेच दाखवलं.

काळ्या खडकातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना विरघळायला हवं, तेव्हाच दाणा मऊ होतो. अशा जड पाण्यातलं कॅल्शियम त्याच पेक्टिनला बांधून टाकतं. मग शिट्ट्या कितीही काढा.

चहाच्या भांड्यात बुडाला पांढरा थर बसतो का? साबणाला फेस येत नाही का? मग पाणी जड आहे. चवीवर जाऊ नका. खारट लागणारं प्रत्येक पाणी जड असतंच असं नाही, आणि गोड लागणारं पाणीही जड असू शकतं. तुरटीने गढूळपणा बसतो, जडपणा जात नाही.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पावसाचं स्वच्छ साठवलेलं पाणी किंवा आरओच्या जारचं पाणी. पिण्यासाठी जार आणि कडधान्याला बोअर अशी वाटणी बऱ्याच घरांत असते. पाव किलो दाणे भिजवून शिजवायला दोन-अडीच लिटर पाणी लागतं, तेवढं जारमधून काढाच. भिजवणही त्याच पाण्यात करा, कारण दाणा जे पाणी पितो ते आतच राहतं.

जार नसेल तर बोअरचं पाणी दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या, तळाला पांढरा गाळ बसला की वरचं पाणी अलगद दुसऱ्या गुंडीत काढा. जडपणाचा एक भाग याने जातो, सगळा नाही.

सोडा सगळ्यात शेवटी. पाव किलोला चहाचा पाव चमचा खायचा सोडा, तोही भिजवणीच्या पाण्यात, आणि ते पाणी फेकून दाणे दोनदा धुवायचे. चमचाभर सोडा घाला म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. रस्सा साबणासारखा लागतो, दाण्याचा लगदा होतो आणि दाण्यातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. पाणी चांगलं असेल तर सोडा लागतच नाही.

शिजवणं

भिजवणीचं पाणी फेका, ताजं घ्या. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. झाकण न लावता एक उकळी आणा, वरचा फेस काढा, चमचाभर तेल घाला, मग झाकण. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा आणि शिट्ट्या मोजण्याऐवजी मिनिटं मोजा: बरबटी पाच ते सात, वाल दहा-बारा, हरभरे वीस-पंचवीस. वाफ आपोआप जिरू द्या. चुलीवर गंजात शिजवत असाल तर पाणी दाण्यांच्या दोन बोटं वर हवं, आणि आटलं की वरून आधणाचंच पाणी ओता.

राजमा मात्र विस्तवावर मंद ठेवून देऊ नका. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात विषारी घटक असतो, त्याने उलट्या-जुलाब होतात. भिजवणीचं पाणी फेकून तो ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळायलाच हवा, पुढचं शिजवणं नंतर.

चिंच, टोमॅटो, आमचूर, दही यातलं काहीही दाणा दोन बोटांत चिरडेपर्यंत घालायचं नाही. आंबटपणाने पेक्टिन विरघळत नाही आणि अर्धा शिजलेला दाणा तिथेच अडतो. गुळाचंही तेच, त्यात कॅल्शियमही असतं. फोडणी वेगळी करा, चिंचेचा कोळ त्यात उकळा आणि मग शिजलेले दाणे टाका.

एवढं करूनही बरबटी अडूनच राहिली तर ती जुनी आहे. तिच्यावर अजून गॅस घालवू नका. उरलेली बरबटी रात्री भिजवा, सकाळी पाणी निथळून लसूण, हिरवी मिरची, जिरं घालून जाडसर वाटा, मीठ आणि भरपूर सांभार (कोथिंबीर) मिसळा आणि वडे तळा. वाटताना पाणी घालू नका, नाहीतर वडे तेलात फुटतात.