शाळेतले बोल आणि एचआयबीचा फॉर्म: न्यू जर्सीत नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

ऑगस्टमध्ये एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी इथं आपली नवी कुटुंबं उतरतात. सुरुवातीला मला फोन येतात ते अपार्टमेंटचे, लसींच्या कागदांचे, "आमच्या मुलाला ईएसएलमध्ये (इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात) का घातलं?" असे. थंडी पडली की वेगळे फोन सुरू होतात, तेही खालच्या आवाजात. "ताई, बसमध्ये मुलं हिला काहीबाही बोलतात. तक्रार करावी का? आपण व्हिसावर आहोत ना."

आधी तेच सांगते. तक्रारीचा आणि व्हिसाचा काडीचाही संबंध नाही. मनातून काढून टाका.

आता माझी चूक ऐका. मुलगी चौथीत होती. स्कूलबसमध्ये दोन मुलं तिच्या इंग्रजीची नक्कल करायची आणि ती शेजारी बसायला गेली की नाक धरून "करी, करी" करायची. मी शाळा सुटताना टीचरना गाठलं आणि आपल्या पद्धतीनं, अगदी हसतमुखानं म्हटलं, "विशेष काही नाही, जरा बघाल का?" त्यांनी "बघते" म्हटलं. दोन महिने गेले. मग प्रिन्सिपलना भेटले, तर शाळेकडे कागदावर एक ओळसुद्धा नव्हती. विशेष काही नाही असं मीच सांगितलं होतं, त्यांनी ते खरं मानलं.

न्यू जर्सीत २०११ पासून शाळेतल्या छळाविरुद्ध कडक कायदा आहे. शाळेत सगळे त्याला एचआयबी म्हणतात, म्हणजे हॅरासमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग. प्रत्येक शाळेत अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट नेमलेला असतो, बहुधा तुमच्या मुलांचे काउन्सेलरच. पण यातली खरी मेख कुणी सांगत नाही. दोन मुलांचं नुसतं भांडण असेल तर शाळा त्याला 'कॉन्फ्लिक्ट' म्हणते आणि दोघांना समोरासमोर बसवून मिटवते. एचआयबी ठरायला ते बोलणं वंश, रंग, धर्म, मूळ देश अशा एखाद्या ओळखीवरून झालेलं दिसावं लागतं. म्हणून ईमेलमध्ये "मुलं त्रास देतात" असं मोघम लिहू नका. कोणत्या दिवशी, कुठल्या जागी, नेमके कोणते शब्द, कोण ऐकत होतं, हे लिहा. शिवी असेल तर शिवीच लिहा, लाजू नका. एकदाच घडलं असलं तरी चालतं. बसमधलं चालतं, आणि त्याचा शाळेतल्या वातावरणावर परिणाम होत असेल तर शाळेबाहेरचं, फोनवरच्या ग्रुपमधलंही चालतं. तक्रारीचा ३३८ नंबरचा फॉर्म डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या शाळांच्या कारभाराच्या, वेबसाइटवर मिळतो.

लेखी तक्रार गेल्यावर चौकशी साधारण १० शालेय दिवसांत पुरी व्हावी लागते. अहवाल सुपरिंटेंडंटकडे (डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाकडे) आणि तिथून शिक्षण मंडळाकडे, म्हणजे बोर्डाकडे जातो, आणि निकाल तुम्हाला लेखी कळवावा लागतो. पटला नाही तर बोर्डापुढे सुनावणी मागता येते. त्याही पलीकडे, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याकडे जाता येतं. त्याची मुदत घटनेपासून १८० दिवस, तेव्हा "वर्ष संपलं की बघू" म्हणू नका. एक गोष्ट मात्र तुम्हाला नक्की खटकेल: समोरच्या मुलाला काय शिक्षा झाली, हे शाळा तपशिलात सांगत नाही. त्याच्याही खाजगीपणाला कायद्याचं संरक्षण आहे. माझ्या नवऱ्याचा यावरून फार संताप झाला होता. पुढे त्याच नियमाचा आम्हालाच आधार वाटला. ते खाली येईलच.

शाळा म्हणजे नुसतं ऑफिस नव्हे, हे मला उशिरा कळलं. पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला जा, बोर्डाच्या सभेत लोकांना बोलायला वेळ देतात तिथं बोला. मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते. माझ्यानंतर एक कृष्णवर्णीय आई उठली आणि तीन वर्षांपूर्वीची अगदी तशीच हकीकत तिनं सांगितली. त्या दिवसापर्यंत आम्ही एकाच पार्किंगमध्ये रोज गाडी लावत होतो आणि एकमेकींशी शब्द बोललो नव्हतो. इथल्या जुन्या लोकांना १९८७ साल आठवतं. कपाळावरच्या टिकलीवरून 'डॉटबस्टर्स' असं नाव घेतलेल्या टोळीनं जर्सी सिटीत भारतीयांना धमक्या दिल्या होत्या, आणि त्याच वर्षी होबोकेनमध्ये नवरोज मोदी यांचा मारहाणीत जीव गेला. तेव्हा बायका टिकली पर्समध्ये ठेवून बाहेर पडायच्या, असं आमच्या शेजारच्या काकू सांगतात. आता राज्यातल्या शाळांत आशियाई-अमेरिकन लोकांचा इतिहास शिकवावा लागतो. तो कायदा २०२२ चा. सभांमधून कुणीतरी बोलत राहिलं म्हणून ते झालं.

आता त्या खाजगीपणाच्या नियमाचा नवऱ्याला आधार का वाटला, ती गोष्ट. मुलगा सातवीत असताना शाळेतून फोन आला. मला वाटलं, पुन्हा कुणीतरी आपल्याला काही बोललं. तसं नव्हतं. आमच्याच चिरंजीवांनी मित्रांच्या ग्रुपमध्ये वर्गातल्या एका काळ्या मुलाच्या फोटोखाली माकडाचं चित्र टाकलं होतं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते "अहो, तो गमतीनं म्हणाला असेल." बसमधल्या त्या मुलांच्या आयांनीही हेच म्हटलं असणार.

तुमच्यावर ही वेळ आली तर वकिलासारखं भांडू नका. चौकशी होऊ द्या. मुलाला स्वतःच्या शब्दांत काय घडलं ते लिहू द्या, तुम्ही सांगून लिहवून घेऊ नका. माफी मागायची तर काउन्सेलर सांगतील तेव्हा, तीही समोरच्या मुलाला ऐकायची असेल तरच. परस्पर त्यांच्या घरी मिठाईचा डबा घेऊन जाऊ नका. मी निघाले होते, मुलीनं दारात अडवलं.

त्या रात्री आम्ही मुलाला समोर बसवलं. नवरा बराच वेळ बोलला. मुलगा खाली मान घालून ऐकत होता, मग म्हणाला, "बाबा, तुम्ही गाडीत 'तो काळू' म्हणता तेव्हा?"

"अरे, ते आपण आपसात. मनात काही नसतं."

"माझ्यापण नव्हतं."