आमसुलांच्या पाकात शिजवलेली पेअर

या पदार्थासाठी पिकलेली पण घट्ट अशी ४ पेअर घ्यावीत; मऊ झालेले फळ पाकात विरघळते, आणि मग ती खीरच म्हणायची. देठ तसाच ठेवून साल पातळ सोलावी आणि फळ उभे राहावे म्हणून बुडाची चकती कापावी.

स्टीलच्या उंच पातेल्यात १ लिटर पाणी, २०० ग्रॅम साखर, ८ ते १० आमसुले, दालचिनीचा लहान तुकडा आणि ४ वेलदोडे घालून साखर विरघळू द्यावी. घाटाखालच्या कोकणातून बेळगावच्या बाजारात येणारी आमसुले बहुधा मीठ लावलेली असतात, त्यामुळे ती आधी दोन पाण्यांत धुवावीत. त्यांचा लाल रंग फळात उतरतो, शिवाय आंबटपणामुळे फळ लवकर गळत नाही. ॲल्युमिनियमचे भांडे मात्र टाळावे.

आता फळे पाकात सोडून, ती बुडून राहावीत म्हणून वर लहान ताटली ठेवावी आणि अगदी मंद आचेवर २० ते २५ मिनिटे शिजवावे. पाक खळखळून उकळू देऊ नये. फळाच्या कडा फुटण्याचे तेच कारण असते. सुरी सहज आत गेली की गॅस बंद करावा. फळे पाकातच रात्रभर मुरू द्यावीत, कारण रंग खरा चढतो तो तेव्हाच.

सकाळी फळे काढून उरलेला पाक गाळून निम्मा आटवावा. शेजारी चमचाभर बेळगावी कुंदा (आटवलेल्या दुधाची मिठाई) ठेवला तर आंबटगोड जोडी उत्तम जमते, पण चमचाभरच.