कोरा पासवर्ड आणि अडलेलं रिमोट लॉगिन

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग मी बघतो. उन्हाळ्यात जुळे सोलापुरातून घरबसल्याच काम करावं म्हणून ऑफिसच्या विंडोज प्रो पीसीवर रिमोट डेस्कटॉप (दुरून त्या पीसीची स्क्रीन वापरायची सोय) चालू केला. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडलं जायचं, पिंग लागायचं म्हणजे पीसी हाकेला उत्तर द्यायचा, रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्टही उघडा होता. पण लॉगिन केलं की एकच रड: खात्यावरील निर्बंधांमुळे साइन-इन करता येत नाही.

दोन संध्याकाळी मी फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्याच्या मागे लागलो. उगाच. गडबड वेगळीच होती. बिलिंगच्या खात्याला पासवर्डच नव्हता! "रोज कोण टाईप करत बसणार?" हा शेठचा हुकूम.

रन बॉक्समधून लोकल सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे विंडोजच्या सुरक्षा-नियमांची यादी उघडली. सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये एक ओळ आहे: कोरा पासवर्ड असलेलं खातं फक्त मशीनसमोर बसूनच वापरता येईल. ती मुळातच चालू असते. म्हणून ऑफिसात सगळं सुरळीत आणि घरून नकारघंटा.

ती पॉलिसी बंद केली असती तर मिनिटात भागलं असतं, पण तसं करणं म्हणजे दाराला कडीच न लावणं. खात्याला पासवर्ड दिला.

आता वेगळा संदेश: या वापरकर्त्याला रिमोट लॉगिनची परवानगी नाही. खातं साधं होतं, ॲडमिन नव्हतं. 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' गटात त्याचं नाव घातलं आणि स्क्रीन उघडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो, तर पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरवर चिकटवलेली.